कॅरिओटाइप रिपोर्ट हातात आला की काय बघायचं

भाचीचा कॅरिओटाइप (पेशीतले क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, मोजून बघणारी टेस्ट) रिपोर्ट आला तेव्हा घरात कोणालाच तो वाचता येईना, म्हणून शिकलो ते लिहितोय. आधी आकडा बघा. नॉर्मली ४६ क्रोमोसोम असतात, २३ जोड्या, निम्मे आईकडून निम्मे बाबांकडून. ४७ लिहिलंय आणि शेवटी अधिक २१ असेल तर २१ नंबरचा एक जास्तीचा आहे, म्हणजे डाउन सिंड्रोम, हे कारण १९५९ मध्ये कळलं. बहुतेक वेळा बीजपेशी बनताना जोडी सुटत नाही म्हणून असं होतं, आईने काय खाल्लं काय केलं याचा काही संबंध नाही (नातेवाइकांना हे आधी सांगा, नाहीतर बोलणी तिलाच बसतात).

पण आकडा ४६च असून ट्रान्सलोकेशन लिहिलं असेल तर थांबा, तिथे २१चा जादा भाग दुसऱ्या क्रोमोसोमला, बरेचदा १४ला, चिकटलेला असतो. मग आईबाबा दोघांचीही टेस्ट करा, कारण एखाद्याकडे तो बॅलन्स्ड (जागा बदललेली, पण एकूण भाग कमी-जास्त नाही) असू शकतो, त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो पण पुढच्या बाळाच्या वेळी फरक पडतो, आणि मग त्याच्या भावंडांनाही टेस्टचं सांगावं लागतं. मोझेक म्हणजे काही पेशींत ४६, काहींत ४७.

जेनेटिक काउन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांकडे) जाताना तीन पिढ्यांचा तक्ता न्या, झालेले गर्भपातही लिहा, लोक नेमकं तेच लपवतात.