पुढची काच बदलायची आहे? गाडी सोडण्याआधी एवढं बघून घ्या

पुणे-हैदराबाद महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेला तडा गेला, हे सोलापूरकरांना नवं नाही. उन्हाळ्यात काच बाहेरून तापलेली असते, आतून एसीचा गार झोत लागला की बोटभर तडा बघता बघता लांबतो. म्हणून आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. काच उतरवल्यावर सर्व्हेअर येऊन काय बघणार? काचेवर घसारा धरत नाहीत, पण सक्तीची वजावट खिशातूनच जाते. नो क्लेम बोनसचं काय होईल, तेही आधीच विचारा.

काच लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक थर असलेली. फुटली तरी तिचे तुकडे त्या थराला चिकटून राहतात. जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो ठेवा आणि नव्या काचेशी ताडून बघा. रस्त्यावरच्या वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ (भाग २) आहे. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा मोटार वाहन नियम सांगतो.

माझं खरं सांगणं मात्र गोंदाबद्दल आहे. लोक काचेच्या भावावर तासभर घासाघीस करतात आणि ती कशाने चिकटवणार हे विचारतही नाहीत. डावीकडची एअरबॅग फुगते तेव्हा ती याच काचेला टेकून प्रवाशासमोर उभी राहते. गाडी उलटली तर छताला आधार देण्यातही या काचेचा वाटा असतो. काच निसटली तर दोन्ही गेलं. तेव्हा गोंद काचेसाठीचा पॉलियुरेथेनच हवा, साधं सिलिकॉन चालणार नाही. नळीवरची मुदत स्वतः वाचा. जुना गोंद एक-दोन मिलिमीटर ठेवून कापतात. पत्र्यावर ओरखडा पडला तर आधी प्रायमर, म्हणजे गोंदाखालचा अस्तराचा हात, लागलाच पाहिजे, नाहीतर आतून गंज धरतो. चिकटवायच्या कडेला उघडा हात लावू देऊ नका, घामाने पकड जाते.

‘ऊन कडक आहे, तासाभरात वाळेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हा गोंद हवेतला ओलावा घेऊन पक्का होतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. तापमान आणि ओलाव्यानुसार गाडी किती वेळाने चालवायची, ते गोंद बनवणारी कंपनी छापून देते. तो कागद मागा. अमेरिकेत गाडीची काच सुरक्षित बदलण्यासाठी एजीआरएसएस नावाचं मानक आहे; त्यात ही वेळ गाडीमालकाला सांगणं बंधनकारक आहे आणि गोंदाच्या लॉट नंबरची नोंदही ठेवावी लागते. आपणही तो नंबर बिलावर लिहून घ्यावा. तुळजापूर-अक्कलकोटचा बेत त्या दिवशी नकोच.

काचेमागे रस्ता बघून चालकाला मदत करणारा गाडीचा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, कोण करणार, हे ठरवून घ्या. जुना फास्टॅग काढताना फाटतो, म्हणून बँकेकडून नवा आधीच मागवा, नाहीतर सावळेश्वर टोलनाक्यावर जादा पैसे भरावे लागतील.

गाडी घरी आल्यावर दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि दार आपटू नका, आतल्या हवेच्या दाबाने ओला गोंद सुटतो. काच जागेवर धरायला लावलेली टेप लगेच ओढू नका, दोन दिवस प्रेशर वॉशिंग नको. नंतर काचेवर साधं पाणी सोडून आतल्या कडा चाचपून बघा. ओल लागली आणि मिस्त्री ‘वरून सिलिकॉन भरतो’ म्हणाला तर नको म्हणा; काच काढून पुन्हा बसवून घ्या.