अँगसचा चित्रग्रंथ घेण्यापूर्वीची तयारी

जॉर्ज फ्रेंच अँगस या इंग्रज चित्रकाराने १८४४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पायाखाली घातले. त्या भटकंतीत काढलेल्या चित्रांवरून ‘साउथ ऑस्ट्रेलिया इलस्ट्रेटेड’ आणि ‘द न्यूझीलंडर्स इलस्ट्रेटेड’ हे दोन भव्य ग्रंथ लंडनमध्ये १८४६-४७ च्या सुमारास निघाले. यांपैकी एखादी प्रत घेण्याचे मनात असेल, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी ग्रंथाची घडण समजून घ्यावी. प्रत्येक ग्रंथ दहा भागांत निघाला, त्यात हाताने रंगवलेली साठ शिळाछाप (दगडावर रेखाटून छापलेली) चित्रे आहेत आणि भागांची बांधणी पुढे ग्राहकांनी आपापल्या पसंतीने करून घेतली. म्हणून दोन प्रतींच्या बांधणीत फरक दिसला, तर तेवढ्यावरून शंका घेऊ नये.

चित्रांची मोजणी मात्र स्वतः करावी. विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नये. ग्रंथालयातील पूर्ण प्रतीवरून चित्रांची यादी आधी उतरवून घ्यावी आणि एकेक पान उलटत तिच्यावर खूण करावी. पान कापून काढले असेल, तर शिवणीजवळ कागदाची अरुंद पट्टी उरलेली दिसते.

सोबत दहापट दाखवणारे भिंग असू द्यावे. दगडावर रेखाटलेल्या चित्रात खडूचा खरखरीत कण दिसतो; त्याऐवजी सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले, तर ते विसाव्या शतकातील पुनर्मुद्रण समजावे. पान तिरप्या उजेडात धरल्यास गडद भागांवर डिंकाची चकाकी दिसते का, हेही पाहावे; ती जुन्या हातरंगणीची खूण असते. रंग कागदाच्या पाठीमागे झिरपला असेल, तर तो मागाहून चढवलेला असण्याचा संभव असतो आणि अशा प्रतीसाठी पूर्ण किंमत मोजू नये. फोडलेल्या ग्रंथातील सुटी चित्रे तर माझ्या मते घेऊच नयेत, कारण त्या खरेदीमुळेच पुढची प्रत फोडली जाते.

चित्रातील माणसांची नावे आपल्या नोंदवहीत लिहून ठेवावीत. न्यूझीलंडच्या ग्रंथात ताउपो सरोवराकाठचा ‘ते हेउहेउ’ नावाचा प्रमुख आहे. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच, १८४६ मध्ये, दरड कोसळून तो दगावला. त्याच्या वंशजांसाठी ते पान पूर्वजाचे दर्शन आहे. ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे चित्र दाखवण्याविषयी संकेत आहेत. ते जाणून घेतल्याखेरीज पानांची छायाचित्रे कोठेही टाकू नयेत.

प्रत ऑस्ट्रेलियातून मागवायची असल्यास सांस्कृतिक वारशाच्या वस्तू देशाबाहेर नेण्याविषयीचा तेथील १९८६ चा कायदा तिला लागू होतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ग्रंथ घरी येण्यापूर्वी तो आडवा मावेल अशी खोल फळी तयार हवी, कारण एवढा जड ग्रंथ उभा ठेवला की पाने बांधणीतून ओढली जातात. मुंबई-कोकणात पावसाळ्यापूर्वी आर्द्रतामापक आणून ठेवावा, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये आणि कसर लागली नाही ना, हे दर पंधरवड्याला पाहावे.