घरात हार्टचा पेशंट असेल तर वजनकाटा हाताशी ठेवा

बाबांचं हार्टचं पंपिंग कमी झालंय, आणि कोथरूडच्या आमच्या घरात पहिलं वर्षभर एकच प्रश्न, "बाबा, बरं वाटतंय ना?" ते कायम "हो रे" म्हणणार आणि आईला रात्रभर झोप नाही. मग डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं, खरंच खूप फरक पडला. सकाळी लघवी झाली की चहाच्या आधी, तोच काटा, साधारण तेवढेच कपडे, आणि आकडा लगेच कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात २ किलोच्या वर वाढलं तर ते बहुतेक अंगात साठलेलं पाणी असतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पाय सुजायची वाट बघू नका. झोपताना एकाच्या दोन उश्या लागायला लागल्या तरी तसंच. बसल्याजागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर सरळ १०८.

आणि सगळं एकट्या आईवर टाकू नका हो. आमच्याकडे काटा बाबांचा, गोळ्यांचा डबा मी रविवारी भरतो, संध्याकाळी माझी मुलगी आजोबांना घेऊन सोसायटीत फेऱ्या मारते, तेवढ्यात आई भजनाला जाऊन येते. पापड-लोणचं पण सगळ्यांच्याच ताटातून कमी केलं, नाहीतर बाबा जेवताना गप्प बसायचे. फक्त ते लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि हार्टच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात जास्त वाढू शकतं.