कामाच्या ठिकाणी आपलं म्हणणं स्पष्ट आणि पटेल असं कसं मांडावं

ऑफिसातले बहुतेक ईमेल आणि बरीचशी बोलणी एकाच ठिकाणी फसतात. सांगणाऱ्याला काय हवंय, ते त्यात कुठे सांगितलेलंच नसतं. पार्श्वभूमी असते, अडचणी असतात, शेवटी ‘कृपया मार्गदर्शन करावे’ असतं. वाचणारा ‘बरं’ म्हणून पुढच्या ईमेलकडे वळतो. आपण मात्र उत्तराची वाट पाहत बसतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही सवय भिडेपोटी लागते आणि ती प्रयत्नाने मोडावी लागते.

आधी एक वाक्य पूर्ण करा

काही लिहिण्याआधी किंवा मीटिंगला जाण्याआधी कागदावर लिहा: ‘हे ऐकून अमुक व्यक्तीने अमुक दिवसापर्यंत अमुक गोष्ट करावी.’ तिन्ही जागा भरता आल्या नाहीत, तर तुमचा विचारच अजून पुरता झालेला नाही. अशा वेळी भाषा कितीही घासूनपुसून घेतली तरी उपयोग नाही. केवळ माहिती द्यायची असेल तर तेही उघड लिहा: ‘फक्त माहितीसाठी, उत्तराची गरज नाही.’ वाचणाऱ्याचा वेळ वाचतो आणि तुमच्या पुढच्या ईमेलला मान मिळतो.

तेच वाक्य सगळ्यात वर आणा

आपण जसा विचार केला त्याच क्रमाने सांगायचा मोह होतो: आधी कारणं, मग निष्कर्ष. वाचणाऱ्याला मात्र निष्कर्ष आधी कळला की कारणं कशासाठी वाचायची ते समजतं. हा मजकूर पाहा:

‘सर, चर्चेप्रमाणे चाचणीचं काम सुरू केलं आहे. सुरुवातीला काही अडचणी आल्या. पुरवठादाराकडूनही थोडा उशीर होत आहे. टीम पूर्ण प्रयत्न करत आहे. कृपया नोंद घ्यावी.’

आता हा:

‘सर, चाचणीसाठी ८ दिवस वाढवून हवे आहेत. गुरुवारी दुपारपर्यंत आपला होकार मिळाला, तर ग्राहकाला शुक्रवारी नवी तारीख कळवता येईल. सुटे भाग वेळेत आले नाहीत म्हणून उशीर झाला. पुरवठादाराने ते सोमवारी पोचतील असं लेखी कळवलं आहे. मुदत वाढवणं शक्य नसेल तर तीनपैकी दोन चाचण्या आधीच्या तारखेपर्यंत होतील, पण तिसरी राहील आणि त्याची जोखीम ग्राहकाला आधी सांगावी लागेल.’

दुसऱ्या ईमेलमध्ये मागणी आहे, तारीख आहे, कारण आहे आणि नकार आला तर काय, तेही आहे. साहेबांना एका ओळीत उत्तर देता येतं. विषयाच्या ओळीतही ‘चाचणीबाबत’ एवढंच न लिहिता ‘चाचणी: ८ दिवस मुदतवाढ, गुरुवारपर्यंत होकार हवा’ असं लिहा.

गंभीर गोष्ट सौम्य करू नका

२५ जानेवारी १९९० रोजी बोगोटाहून निघालेलं आव्हियान्का कंपनीचं विमान न्यूयॉर्कजवळ खराब हवामानामुळे तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला सांगितलं, प्राधान्यही मागितलं. पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द त्यांनी वापरला नाही. त्यामुळे प्रसंग किती बिकट आहे हे नियंत्रकांपर्यंत पोचलंच नाही. इंधन संपून विमान कोसळलं आणि ७३ जण गेले.

आपल्या कामात प्राण पणाला लागत नसतील, पण ‘थोडा उशीर होऊ शकतो’, ‘जरा बघायला हवं’ ही भाषा तीच आहे. तारीख चुकणार हे ठाऊक असेल तर ‘तारीख चुकणार आहे’ असंच म्हणा. सौजन्य आवाजात आणि संबोधनात ठेवा. वस्तुस्थितीत पाणी घालू नका.

समोरच्याला काय माहीत नाही, ते शोधा

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आपल्या विभागातली संक्षिप्त नावं आणि तांत्रिक शब्द दुसऱ्या विभागात अशीच पोचतात.

उपाय सोपा आहे. महत्त्वाचा मजकूर पाठवण्याआधी दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका, कारण सगळे ‘हो’ म्हणतात. ‘यात तुम्हाला काय करायला सांगितलंय?’ असं विचारा. त्यांचं उत्तर चुकलं तर मजकूर बदला.

स्लाइडच्या मथळ्यातच निष्कर्ष लिहा

२००३ मध्ये कोलंबिया यानाच्या पंखावर उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी व्यवस्थापकांपुढे सादरीकरण केलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. आदळलेला तुकडा सुमारे १९२० घन इंचांचा आणि ज्या जुन्या चाचणीच्या आधारे तो धीर दिला होता तिच्यातला अवघा ३ घन इंचांचा, ही खरी काळजीची बाब तळाशी बारीक अक्षरांत होती. परतताना यान नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने अहवालात त्या स्लाइडवर नेमकं बोट ठेवलं. म्हणून ‘तिमाही आढावा’ असा मथळा नको, ‘तक्रारी वाढल्या, कारण नवी नोंदणी पद्धत’ असा हवा.

पटवायचं असेल तर त्यांच्या काळजीपासून सुरुवात करा

सगळ्यात अवघड भाग हाच, आणि इथे हुशार माणसंच जास्त अडखळतात. आपलं बरोबर आहे, आकडे आपल्या बाजूने आहेत, मग वेगळं पटवायचं कशाला, असं त्यांना वाटतं. व्हिएन्नातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूतिकक्षात क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणं सक्तीचं केलं. १८४६ मध्ये तिथला मातामृत्यूचा दर ११ टक्क्यांच्या वर होता, १८४८ मध्ये तो २ टक्क्यांच्या खाली आला. तरीही बहुतेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपल्याच हातून माता दगावल्या, हे कबूल करणं त्यांना फार जड होतं. सेमेलवाइस यांनी सविस्तर ग्रंथ काढला तो १८६१ मध्ये, आणि पुढे विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटलं. त्याने कोण वळणार?

तुमच्या सूचनेतही कुणाचा तरी जुना निर्णय चुकीचा ठरत असतो. म्हणून बोलण्याआधी स्वतःला विचारा: हे मान्य केलं तर त्यांना काय गमवावं लागेल? पैसा, वेळ, अधिकार की अब्रू? ‘आधीची पद्धत चुकीची होती’ म्हणण्याऐवजी ‘त्या वेळी ऑर्डर कमी होत्या, तेव्हा ती पद्धत योग्यच होती, आता ऑर्डर वाढल्या आहेत’ असं म्हणा, अर्थात ते खरं असेल तरच. खोटी मखलाशी लगेच कळते आणि मग खरंही पटत नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप स्वतःच मांडा: ‘यात पहिल्या महिन्यात काम वाढेल, हे मला मान्य आहे. त्यासाठी अशी सोय करता येईल.’ आणि पूर्ण बदल एकदम मागू नका. एका टीमवर एक महिना करून पाहू, अमुक आकडा सुधारला नाही तर थांबवू, असं म्हटलं की ‘हो’ म्हणणाऱ्याची जोखीम कमी होते.

बोलणं झाल्यावर

त्याच दिवशी तीन-चार ओळी लिहून पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. नकार मिळाला तर वाद वाढवू नका. शांतपणे विचारा, ‘कोणती माहिती मिळाली तर आपण याचा पुन्हा विचार कराल?’ जे उत्तर येईल ते शब्दशः टिपून घ्या आणि ती माहिती हाती आली की तेवढ्याच मुद्द्यासाठी पुन्हा वेळ मागा.