गच्चीवर सोलर बसवताय? या चुका टाळा

"सोलर लावल्यापासून लाइट बिल वाढलंय हो," असा फोन आला की मी पुढचं ऐकूनच घेत नाही. एकच विचारतो, "नेट मीटर बसला का?" म्हणजे आत आलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, "अर्ज केलाय. पण पॅनल लागली होती, म्हटलं ऊन कशाला वाया घालवा!"

पार्ल्यातल्या एका काकांचं असंच झालं. तीन किलोवॅटची सिस्टीम. व्हेंडरने स्विच वर केला, मोबाइलवर ॲप दाखवलं, उरलेले पैसे घेतले आणि गेला. काका महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ॲपवरचा आलेख दाखवत होते. मग बिल आलं. एरवी साडेतीनशे युनिट यायची, तिथे पाचशे तीस. काकांचं ठाम मत, वीज कंपनी लुटते आहे.

मी दुपारी बाराला गेलो. घरातलं सगळं बंद करायला लावलं, फ्रिजसुद्धा. सोलर तेवढं चालू. जिन्याखाली मीटरपाशी जाऊन पाहिलं, तर लाल दिवा टकटक टकटक, जणू घरात दोन एसी चालू आहेत. काकूंना वरून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, बंद करायला सांगितलं. दिवा थांबला. पुन्हा चालू, पुन्हा टकटक. काकांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

भानगड अशी, की साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी बऱ्याच मीटरना वीज आत येतेय की बाहेर चाललीय याच्याशी देणंघेणं नसतं. गेली ती मोजली, एवढंच. तीन किलोवॅटवर आपल्याकडे दिवसाला सरासरी बारा युनिट धरा. त्यातली तीन घरात संपली, नऊ बाहेर गेली. ती नऊ काकांनी वापरली असं मीटरने लिहून घेतलं. वर पाचशेच्या पुढे गेल्यामुळे सगळ्यात महाग स्लॅब. स्वतःची वीज फुकट देऊन तिचेच पैसे भरायचे! शिवाय मंजुरीआधी ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, वीज सोडणं नियमात बसत नाही, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

नेट मीटर यायला वेळ लागतो, मान्य. "साहेब साइटवर गेलेत" हे मीही वर्षानुवर्षं ऐकतोय. पण म्हणून स्विच वर करायचा नसतो. मी काम संपलं की इन्व्हर्टरचा एमसीबी, म्हणजे मेन स्विच, खाली पाडतो, त्यावर चिकटपट्टी लावतो आणि तारीख लिहितो. मीटर बसेपर्यंत ती पट्टी कोणी काढायची नाही, घरमालकानेही नाही. आणि तुम्ही एक करा, व्हेंडरचे शेवटचे वीस टक्के मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. मग बघा तो कंपनीत कसा हेलपाटे घालतो.

दुसरी चूक कागदावरची. बिलावर अजून आजोबांचं नाव, आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झालेली. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, पण अर्जदार आणि बिलावरचं नाव एक हवं. आधी नाव बदलून घ्या, मग पॅनलच्या किमती विचारा. सबसिडीसाठी पॅनल देशी सेलचीच लागतात, तेव्हा "बाहेरचा माल स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता सावली. यावर माझं डोकं फिरतं. दादरच्या एका सोसायटीने मे महिन्यात सर्व्हे करून घेतला. पोरगा भर दुपारी आला, चारी बाजूंनी फोटो काढले, "सावली निल" असं लिहून गेला. निलच असणार! मेच्या मध्याला मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या माणसाची सावलीसुद्धा पायाखाली जाते. डिसेंबरमध्ये सेक्रेटरींचा फोन, वीज निम्म्यावर आली म्हणून. जाऊन बघतो तर टाकीच्या उत्तरेला पॅनल, आणि दहा फुटी टाकीची सावली ऐन दुपारी नऊ फूट लांब, थेट दोन पॅनलवर. दोनच पॅनल ना, असं वाटतं. पण सगळी पॅनल एकाच माळेत जोडलेली. कुर्ल्याला एक लोकल अडली की मागच्या सगळ्या उभ्या, तसं होतं. पॅनलमधले डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा देणारे छोटे भाग, थोडंफार सावरतात, भरवसा मात्र ठेवू नका.

माझ्या खिशात खडू असतो. टाकी, लिफ्टची खोली, कठडा, जे काही उभं असेल त्याची उंची मोजायची आणि उत्तरेकडे दीडपट अंतरावर रेघ मारायची. रेघेच्या आत पॅनल नाही. पुस्तकातला नियम नाही, माझी सवय आहे. नव्या पोरांना ॲप हवं असतं. असू दे, पण आधी रेघ मारा. आणि शेजारच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय का, तेही विचारून घ्या. टॉवर उठल्यावर खडू काय करणार?

लाइट गेल्यावर सोलर चालेल, ही समजूत काढून टाका. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून बॅटरीविना, ग्रिडला जोडलेला (ऑनग्रिड) इन्व्हर्टर ग्रिडबरोबर बंद पडतो. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची लाइट गेली, तेव्हा लख्ख उन्हात सोलरवालेही घामाघूम होऊन बसले होते.

बिल शून्य येतं, हीही थाप. स्थिर आकार राहतोच. गरजेपेक्षा मोठी सिस्टीमही लावू नका. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण 31 मार्चला हिशेब मिटतो आणि शिल्लक युनिटांना मिळणारा दर तुम्ही भरता त्याच्या जवळपासही नसतो.

गच्ची सोसायटीची असते, तुमच्या फ्लॅटची नाही. सभेचा ठराव नसेल तर मी शिडी लावत नाही. त्यापेक्षा लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या मीटरवर सोलर घ्या. त्यालाही किलोवॅटमागे 18,000 सबसिडी आहे.

स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंगची वाट लावू नका, काँक्रीटचे ठोकळे पुरेसे वजनाचे घ्या. 2021 चं तौक्ते वादळ विसरलात का? खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट दोन पावसाळे काढत नाहीत, स्टेनलेस स्टीलचेच मागा. इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड पहिल्याच दिवशी तुमच्या नावावर करून घ्या.

पार्ल्याच्या काकांना मीटर लागला, बिलही खाली आलं. परवा पुन्हा फोन, "कबुतरांनी पॅनल पार घाण केलीत, दुपारी पाइपने धुतो." म्हटलं, काका, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. सकाळी सातच्या आत, साधं पाणी, लांब दांड्याचा मऊ मॉप. साबण नाही. आणि पॅनलवर पाय देऊन तर अजिबात नाही. त्यावर काका काहीच बोलले नाहीत, म्हणजे पाय देऊन झाला असणार.