ग्राइंडर आणि ड्रिल मशीन वापरताना घ्यायची काळजी

घरी आणि कामाच्या ठिकाणी सर्रास हाताळली जाणारी विजेची दोन हत्यारे म्हणजे ड्रिल मशीन आणि अँगल ग्राइंडर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीने (डिस्कने) कापणारे व घासणारे मशीन. दोन्ही सारख्याच सहजतेने हातात घेतली जातात, परंतु ग्राइंडरची चूक फार महागात पडते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

100 मिलिमीटर व्यासाची डिस्क मिनिटाला 11,000 फेरे घेते, तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे 58 मीटर, म्हणजे ताशी 200 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने धावत असते. या वेगात डिस्क फुटली, तर तिचे तुकडे चुकवायला वेळच मिळत नाही. त्यामुळे डिस्क बसवण्यापूर्वी दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत: मशीनच्या पट्टीवरचा फेऱ्यांचा आकडा आणि डिस्कवर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा. डिस्कचा आकडा मशीनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा असलाच पाहिजे. कापण्याच्या बहुतेक डिस्क सेकंदाला 80 मीटर इतक्या कडेच्या वेगापर्यंतच सुरक्षित मानल्या जातात. अधिक खोल काप मिळावा म्हणून गार्ड, म्हणजे डिस्कवरचे संरक्षक झाकण, काढून लहान मशीनवर 180 मिलिमीटरची डिस्क चढवली, की तोच वेग 103 मीटरच्या पुढे जातो. ही तडजोड मी कोणत्याही कारणासाठी मान्य करणार नाही. काम मोठे असेल, तर मशीनही मोठे हवे.

डिस्क बदलताना आधी प्लग काढावा, बॅटरीचे मशीन असल्यास बॅटरी बाजूला ठेवावी. केवळ बटण बंद असणे पुरेसे नाही. तडा गेलेली, ओल लागलेली, जमिनीवर पडलेली किंवा मधल्या धातूच्या कडीवर छापलेली मुदत उलटलेली डिस्क वापरू नये. लाकूड कापण्याचे दातेरी पाते तर ग्राइंडरवर कधीच लावू नये, कारण ते लाकडात रुतताच मशीन हातातून हिसकावले जाते. नवी डिस्क बसवल्यावर गार्ड आपल्या आणि डिस्कच्या मध्ये येईल असा फिरवून घट्ट करावा आणि मशीन अंगापासून दूर धरून, डिस्कच्या रेषेत कोणी उभे नाही हे पाहून, सुमारे एक मिनिट मोकळे फिरू द्यावे. सदोष डिस्क बऱ्याचदा याच वेळी फुटते.

कापताना मशीन उसळते, ते प्रामुख्याने डिस्क कापाच्या फटीत चिमटली गेल्यामुळे. पाइप किंवा पट्टी दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतली, तर काप खोल होताच ती मध्ये वाकते आणि फट मिटू लागते. त्याऐवजी धरायचा भाग शिकंज्यात आवळावा आणि कापून पडणारा भाग अधांतरी ठेवावा, म्हणजे फट आपोआप उघडत जाते. मशीन दोन्ही हातांनी, बाजूच्या मुठीसह धरावे आणि स्वतः डिस्कच्या रेषेपासून थोडे बाजूला उभे राहावे. कापण्याच्या पातळ डिस्कच्या सपाट बाजूने घासकाम करू नये, कारण आडवा दाब सोसण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

ड्रिलचा धोका वेगळा आहे. बिट, म्हणजे भोक पाडणारे टोक, अडकले, की ते थांबते आणि मशीन फिरू लागते. मनगट मुरगळते ते तेव्हा. पत्र्याचा छोटा तुकडा हातात धरून भोक पाडणे तर त्याहून वाईट, कारण बिट आरपार जाताना पत्रा त्यात अडकून पात्यासारखा गरगरतो. तुकडा नेहमी क्लॅम्पने आवळावा. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, बाह्या आवळाव्यात आणि केस बांधावेत. भिंतीत भोक पाडायचे असल्यास स्विचबोर्ड आणि सॉकेट यांच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत तारा असू शकतात, हे ध्यानात घेऊन जागा निवडावी.

एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा सुरक्षा स्विच, बसवला म्हणजे शॉक लागणार नाही, हा समज घातक आहे. एमसीबी तारांना अतिप्रवाहापासून वाचवतो. माणसाचा जीव त्यापेक्षा कितीतरी कमी, काही दशक मिलिअँपिअर प्रवाहानेही जाऊ शकतो. जीव वाचवण्यासाठी 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी लागतो आणि त्याचे चाचणी बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते. गुंडाळीच्या एक्स्टेन्शनची केबल पूर्ण उलगडून घ्यावी, कारण गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही आणि तिचे आवरण वितळू शकते.

ग्राइंडिंगसाठी बाजूंनी बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड वापरावी. साधा चष्मा पुरत नाही. ग्राइंडरचा आवाज बहुधा 90 ते 100 डेसिबलच्या दरम्यान असतो. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा धरून दर 3 डेसिबलला वेळ निम्मी केली, तर 94 डेसिबलमध्ये उघड्या कानांनी एक तासच काम करता येते. दगड, टाइल किंवा काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसांत साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून केवळ रुमालावर विसंबून राहू नये, धूळ ओढून घेणारी जोडणी आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा.

कामाच्या ठिकाणी तेच मशीन आधी दुसऱ्याने वापरलेले असते, त्यामुळे केबल, प्लग, गार्ड आणि बटण सोडल्यावर मशीन बंद होते की नाही, हे प्रत्येक पाळीच्या आरंभी स्वतः तपासावे. दोष आढळल्यास मशीनवर खूण करून ते बाजूला काढावे, तसेच जागेवर ठेवू नये. घरी उलट अडचण असते: चूक दाखवणारे किंवा मदतीला धावणारे कोणी नसते. म्हणून एकट्याने असे काम करू नये आणि मुलांना खोलीबाहेर ठेवावे.

डिस्क पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नये. ठिणग्या काही मीटर लांब जातात आणि भुसा, कापूस किंवा कापडात पडून बराच वेळ धुमसत राहतात. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबावे आणि कोपरे, फटी व टेबलाखालची जागा पाहूनच दार लावावे.