‘मॉर्गेज’चा अर्थ लावताना या चुका टाळा

‘मॉर्ट म्हणजे मृत्यू, म्हणून मॉर्गेज म्हणजे मरेपर्यंत फेडायचं कर्ज.’ हा मेसेज मला किती जणांनी पाठवला असेल! शब्द जुन्या फ्रेंचमधला, ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं हेही बरोबर. पण ‘गेज’ म्हणजे तारण, आणि मेलेलं असतं ते तारण, कर्जदार नव्हे. 12व्या शतकातल्या ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्लिश कायदेग्रंथात फरक स्पष्ट आहे: जमिनीचं उत्पन्न कर्जात वळतं होत नसेल, सावकार पीक खातो आणि मुद्दल तिथल्या तिथे, तर ते मेलेलं तारण. 15व्या शतकात लिटलटन या इंग्लिश कायदेपंडिताने वेगळा अर्थ लावला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली. दिले तर सावकाराला.

उच्चारात ‘ट’ नाही. मॉर्टगेज म्हणू नका.

‘बँकेकडून मॉर्गेज घेतलं’ हेही चूक. बँक कर्ज देते, गहाण तुम्ही देता. गहाणखतात ‘लिहून देणार’ तुम्हीच असता.

गाडीवर असतं ते नजरगहाण: गाडी तुमच्याच ताब्यात, पण कर्जाला तारण. मॉर्गेज स्थावर मिळकतीचंच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: मुदत खरेदी. लिटलटनचा अर्थ इथे आजही जिवंत आहे. कागद खरेदीखताचा, अट अशी की पैसे परत केले की जमीन परत. एक शेतकरी माझ्याकडे दोन कागद घेऊन आले. एक नोंदणीकृत खरेदीखत, दुसरा साध्या स्टॅम्पवर ‘जमीन परत देईन’ असा करार. ‘साहेब, हे गहाणच आहे ना?’ मी खरेदीखत दोनदा वाचलं. परत देण्याची अट त्यात कुठेच नव्हती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882च्या कलम 58(c)ला 1929 साली जोडलेलं परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी पुरवणी अट, सांगतं: अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. मला ‘नाही’ म्हणावं लागलं. ते बराच वेळ सातबारा हातात धरून बसले. अट त्याच खतात असती, तर पैसे फेडायची मुदत टळल्यावरही, दावा लावायची कायद्यातली मुदत संपेतो, कलम 60 खाली पैसे भरून जमीन सोडवता आली असती.

म्हणून मी आधी शीर्षक झाकतो आणि मजकूर वाचतो. ताबा कुणाकडे, उत्पन्न कुणाचं, परत द्यायची अट कुठे. घाईतल्या लोकांना हे वीस मिनिटांचं वाचन नको असतं, नुसतं ‘गहाण आहे का’ एवढंच हवं असतं. मी ते वाचल्याशिवाय सांगत नाही.